नव्या कंट्री गायिकेच्या वाटेवर: नॅशव्हिल ते हिल्टन्स

रविवार: ब्रॉडवे

अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या गायकांचे दौरे गुरुवारी रात्री निघतात आणि रविवारी रात्री परततात. सोमवार ते बुधवार ही मंडळी गावात, म्हणजे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये असतात, कारण ते दिवस गाणी लिहायचे. म्हणून नॅशव्हिलला रविवारी उतरावं. मुंबईहून थेट विमान नाही, पण लंडनमार्गे एकाच बदलात पोहोचता येतं. जूनमधला सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) फेस्टचा आठवडा मात्र टाळावा. तेव्हा हॉटेलांचे दर डोक्यावर जातात आणि गायक मंडळी मोठ्या मंचांवर अडकलेली असतात. तिथे ती विनामोबदला गातात, हेही जाताजाता लक्षात ठेवण्यासारखं.

हे शहर एखाद्या गायिकेचं बोट धरून पाहिलं तर लवकर उलगडतं. इथे आपण लेनी विल्सनचं धरू. लुइझियानातल्या बास्किन नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात १९९२ साली तिचा जन्म. शाळेत असताना वाढदिवसांच्या पार्ट्यांत ती हॅना मोंटाना (टीव्ही मालिकेतली गायिका) बनून गायची. २०११च्या ऑगस्टमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, वीस फुटी कॅम्पर गाडीला जोडून ती नॅशव्हिलला आली, ओळखीच्या एका निर्मात्याच्या स्टुडिओबाहेर तो उभा केला आणि जवळजवळ तीन वर्षं त्यातच राहिली. टीव्हीवरच्या स्पर्धांनी तिला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. रेडिओवर तिचं पहिलं गाणं एक नंबरवर गेलं ते २०२१च्या सप्टेंबरमध्ये. नॅशव्हिलला ‘दहा वर्षांचं गाव’ म्हणतात, ते उगाच नाही. या दहा वर्षांत माणूस नक्की काय करत असतो, ते पुढच्या आठवड्यात ज्या जागा बघायच्या आहेत तिथे समजतं.

ब्रॉडवे या बारच्या रस्त्यावर समजत नाही, तरी पहिली संध्याकाळ तिथेच घालवावी. सकाळी दहा-अकरापासून पहाटेपर्यंत प्रत्येक हाँकी-टाँकमध्ये, म्हणजे कंट्री वाजणाऱ्या बारमध्ये, वाद्यं चालू असतात आणि आत जायला तिकीट नसतं. संध्याकाळनंतर बहुतेक ठिकाणी एकवीस वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. त्यामुळे पांढऱ्या केसांच्या माणसानेही मूळ पासपोर्ट खिशात ठेवावा, फोटोकॉपी चालत नाही.

एका वादकसंचाची पाळी साधारण चार तासांची असते. तेवढ्यात पन्नासच्या आसपास गाणी होतात आणि मध्ये विश्रांती जवळजवळ नाहीच. बऱ्याच जागी मंच खिडकीला चिकटलेला, म्हणजे वादकांची पाठ रस्त्याकडे. ड्रमसेट सहसा जागेचा असतो. ड्रमर आपल्या झांजा आणि स्नेअर तेवढे घेऊन येतो, कारण इथे गाडी लावायला जागा मिळणं हीच मोठी कमाई. मालक ठरावीक रक्कम देतो ती जेमतेम असते, खरी मिळकत बादलीची. स्टील गिटारवाल्याचा तुकडा सुरू झाला की गायिका किंवा बासवाला बादली घेऊन टेबलांमधून फिरतो, ध्रुवपद यायच्या आत मंचावर परत येतो. बादलीवर क्यूआर कोडही चिकटवलेला असतो. नोट टाकून गाणं सांगायचं. आपल्या संगीत बारीतल्या दौलतजाद्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे काही समजावून सांगावं लागत नाही. एक-दोन डॉलर सहज टाकायचे, फर्माईश असेल तर वीसची नोट काढायची. एका बाजूने कुणी जास्त पैसे टाकून तेच गाणं मध्येच थांबवायला लावतं, तेही चालतं.

नव्या गायिकेला इथे शिकायला मिळतं ते ताकद राखून चार तास गाणं, बंद पडलेल्या माइकवर वेळ मारून नेणं आणि शेकडो जुनी गाणी तोंडपाठ करणं. स्वतःची गाणी इथे कुणाला नको असतात, हाच या जागेचा धोका. पाळ्या वाढतात, घरभाडं सुटतं, घसा मात्र बसतो आणि दोन वर्षांनी हातात नवं गाणं एकही नसतं. धूर हा आणखी एक शत्रू होता. फक्त प्रौढांना प्रवेश असलेल्या बारमध्ये टेनेसीच्या कायद्याने सिगारेट चालायची, २०२३च्या मार्चपासून मात्र नॅशव्हिलने ती तिथेही बंद केली.

दोनच जागा बघायच्या असतील तर टूट्सीज आणि रॉबर्ट्स. टूट्सीज १९६० पासून जांभळ्या रंगात उभं आहे. त्याचं मागचं दार रायमन सभागृहाच्या गल्लीत उघडतं. रायमन १८९२ साली प्रार्थनागृह म्हणून बांधलं गेलं, त्यामुळे कलाकारांच्या खोल्यांची सोय नव्हतीच. दोन गाण्यांच्या मध्ये बडे गायक त्या मागच्या दाराने टूट्सीजमध्ये शिरत. जुन्या वळणाचं कंट्री ऐकायचं असेल तर रॉबर्ट्स. त्याचे मालक जेसीली जोन्स मूळचे ब्राझीलचे आणि स्वतः गातात. बड्या गायकांच्या नावाचे तीन-चार मजली बार आहेत त्यांत गच्चीवरचा वारा चांगला लागतो, एवढंच.

सोमवार: ब्लूबर्ड आणि व्हिस्की जॅम

दिवसभर झोप काढली तरी चालेल. संध्याकाळी पाचच्या आत मात्र ग्रीन हिल्सला पोहोचायचं.

ब्लूबर्ड कॅफे शहराच्या मध्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर, हिल्सबरो पाइकवरच्या दुकानांच्या रांगेत आहे. पाटी दिसली नाही तर हे किराणा दुकान वाटेल. बसायला जेमतेम नव्वद जागा. १९८२ साली एमी कर्लंड यांनी ते जेवणाचं ठिकाण म्हणून सुरू केलं. २००८ पासून ते गीतकारांच्या संघटनेच्या मालकीचं आहे. १९८५ पासून इथे चार गीतकार खोलीच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसतात, आळीपाळीने आपलं एकेक गाणं म्हणतात आणि बाकीचे तिघे साथ देतात. ज्या गाण्यावर कुणी दुसराच गायक स्टेडियम भरवतो ते गाणं लिहिणारा माणूस इथे दोन हातांवर बसून ते गात असतो. बोलायला बंदी. शेजारच्याच्या कानात पुटपुटलात तरी कर्मचारी येऊन गप्प करतात.

आठवड्यातल्या इतर कार्यक्रमांच्या जागा ऑनलाइन खुल्या झाल्या की काही मिनिटांत संपतात. उरतात त्या भिंतीलगतच्या चर्चच्या बाकांवरच्या थोड्या, रांगेतल्यांसाठी. सोमवारचं ओपन माइक, म्हणजे नाव देऊन कुणीही गाऊ शकेल असा कार्यक्रम, त्या मानाने सोपं आणि आपल्या विषयाला जास्त उपयोगी. गाणं स्वतःचंच हवं. एखाद-दोन गाण्यांची संधी मिळते. ज्याला पुढे सरकायचं आहे तो रविवारच्या गीतकार-रात्रीसाठी चाचणी देतो, ती वर्षातून ठरावीक वेळाच होते. चाचणीत पूर्ण गाणं नाहीच, एक कडवं आणि ध्रुवपद म्हणायचं आणि उतरायचं. त्यावर निकाल. गार्थ ब्रूक्सला १९८०च्या दशकाच्या शेवटी आणि टेलर स्विफ्टला २००४ साली रेकॉर्ड कंपनीच्या माणसांनी हेरलं ते याच खोलीत.

ओपन माइकला नीट लक्ष दिलं की चुका एका साच्यातल्या दिसतात. गाण्याआधी दीड मिनिट ‘हे मला कसं सुचलं’ सांगणं. ध्रुवपदाआधी दोन लांब कडवी, म्हणजे मुख्य ओळ कानावर पडेपर्यंत सव्वा मिनिट गेलेलं. इथला अलिखित दंडक असा की पाऊण मिनिटात, फार तर मिनिटात ध्रुवपद आलं पाहिजे आणि गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे. तिसरी चूक कॅपोची, म्हणजे गिटारीच्या मानेवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याची. तो मानेवरच्या धातूच्या पट्टीपासून लांब किंवा तिरका लावला की तारा चढतात, आणि घाबरलेला माणूस सूर जुळवायला थांबत नाही. कॅपो पट्टीला अगदी खेटून लावावा आणि लावल्यावर पुन्हा ट्यूनर बघावा. चौथी चूक सगळ्यात महाग: कडव्यात सगळं सांगून टाकलेलं असतं, त्यामुळे ध्रुवपदाला सांगायला नवं काही उरत नाही.

नऊच्या सुमारास तिथून निघून मिडटाउनमधल्या विनर्स बारमध्ये व्हिस्की जॅम गाठायचा. २०११ पासून चालू असलेला हा सोमवारचा कार्यक्रम फुकट असतो. प्रत्येकाला मोजकी गाणी, एकामागून एक नवे लोक. ब्लूबर्डच्या अगदी उलट, इथे सगळे बोलतात. पण ते कोण आहेत ते बघा: प्रकाशन कंपन्यांची (गीतकारांच्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या) तरुण माणसं, गिटारवाले, इतर गायक. उद्या अकरा वाजता कुणाबरोबर बसायचं ते इथे ठरतं.

मंगळवार: म्युझिक रो, मग ऑप्री

म्युझिक रो म्हणजे सोळाव्या आणि सतराव्या अव्हेन्यूवरची घरं. बघायला काही नाही असं वाटून पर्यटक वीस मिनिटांत परत फिरतात. अंगणात रोवलेल्या फलकांकडे बघत चालावं. कुठलं गाणं एक नंबरला गेलं आणि ते कुणी लिहिलं त्यांचं अभिनंदन त्यावर असतं. गीतकारांची नावं गायकाच्या नावाइतकीच ठळक, आणि बहुतेक वेळा तीन किंवा चार.

सकाळी दहा-अकराला या घरांमधल्या छोट्या खोल्यांत दोघे-तिघे बसतात. सोफा, गिटारी, लॅपटॉप, कॉफी. कुणीतरी फोनमधली यादी उघडतं. तिच्यात ओळी असतात, शीर्षकं असतात, बाजारात कानावर पडलेलं एखादं वाक्य असतं. शीर्षक ठरलं की ते ध्रुवपदाच्या शेवटी कसं पडेल ते आधी ठरवतात आणि कडवी मागाहून भरतात. दोन-तीन तासांत गाणं झालं पाहिजे. निघताना फोनवर एका गिटारीसह ते म्हणून ठेवतात, त्याला वर्क टेप म्हणतात. आणि उठण्याआधी वाटे लिहून काढायचे. रीत अशी की खोलीत जितकी डोकी तितके सारखे वाटे. कुणी सबंध ध्रुवपद दिलं आणि कुणी एक शब्द, तरी वाटा तोच. नव्या माणसाला हे अन्यायाचं वाटतं. पण ओळी मोजत बसलेल्या माणसाला पुन्हा कुणी बोलावत नाही, ही त्यामागची व्यवहारी बाजू.

आता पैसे. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं की गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे मिळतात. गाणाऱ्याला काहीही मिळत नाही, रेकॉर्ड कंपनीलाही नाही. जगात फार थोड्या देशांत असं आहे. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं गाणं गाऊन गायिका रेडिओवर पहिली आली तरी त्या वाजण्याचा एक सेंटही तिच्या खात्यात जात नाही. सीडी, रेकॉर्ड किंवा डाउनलोडच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकारांच्या बाजूला मिळणारा कायदेशीर दर २००६ ते २०२२ पर्यंत ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये तो १२ सेंट झाला. त्या दराने दहा हजार प्रती खपल्या तर एका गाण्याचे १,२०० डॉलर. तिघांनी लिहिलं असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ४००. साध्या प्रकाशन करारात त्यातले निम्मे प्रकाशकाचे, हातात २००. स्ट्रीमिंगचा हिशेब याहून किती तरी बारीक. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचं वेगळं आहे. तिथे जमलेल्या रकमेतले ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांसाठी जातात.

म्हणून प्रकाशन करार ही या वाटेवरची पहिली खरी पायरी, रेकॉर्ड कंपनीचा करार नंतरचा. प्रकाशक दरमहा उचल देतो आणि ती पुढच्या मिळकतीतून कापून घेतो. करारात वर्षाला, समजा, बारा पूर्ण गाणी लिहिलेली असतात. तिघांत लिहिलेलं गाणं एक तृतीयांशच धरतात, म्हणजे बारा भरायला छत्तीस गाणी लिहायची. लेनीला प्रकाशन करार आणि रेकॉर्ड कंपनी मिळाली २०१८ साली. कॅम्परमधल्या मुक्कामापासून सात वर्षांनी.

यात घोटाळा होतो तो नोंदणीत. बीएमआय, एएससीएपी किंवा एसईएसएसी या गाणं वाजल्याचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थांपैकी एकीत गीतकाराने नाव नोंदवायचं, शिवाय स्ट्रीमिंगच्या यांत्रिक हक्कांसाठी (गाण्याच्या प्रतीमागे मिळणाऱ्या पैशांसाठी) एमएलसी या संस्थेकडे गाणं नोंदवायचं. एमएलसी २०२१ पासून इथूनच चालते. एका जागी टोपणनाव, दुसरीकडे खरं नाव, आणि वाट्यांची बेरीज ९९ किंवा १०१ टक्के, एवढ्यावर पैसे अडतात. गाणं चालल्यावर भांडण निघालं तर वर्षं जातात.

संध्याकाळी ऑप्री, म्हणजे ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरून थेट जाणारा कंट्रीचा कार्यक्रम. मंगळवारी खेळ असतो, पण तारीख आधी तपासावी. ही इमारत शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरवर, १९७४ सालची, चार हजारांवर आसनांची. कार्यक्रम मात्र २८ नोव्हेंबर १९२५ पासूनचा, डब्ल्यूएसएम ६५० या केंद्रावरून थेट चालत आलेला. हे केंद्र एका विमा कंपनीने काढलं होतं. आजही निवेदक मंचाच्या बाजूला उभा राहून जाहिराती वाचतो आणि तेवढ्यात मागे वाद्यं बदलली जातात. मंचाच्या मध्यभागी सहा फुटांची ओकच्या लाकडाची चकती आहे, ती रायमनच्या जुन्या मंचातून कापून आणलेली. २०१०च्या मे महिन्यातल्या पुरात मंचावर कमरेइतकं पाणी होतं, चकती तरीही वाचली.

नव्या गायिकेला इथे दोन, फार तर तीन गाणी मिळतात. घरचा वाद्यवृंद साथ देतो, तालीम नावापुरती. त्यामुळे गाण्याचा कागद, सूर आणि लय आधीच पक्की लिहून द्यावी लागते. मानधन थोडं असतं, पण ‘ऑप्रीवर गायली’ ही ओळ पुढच्या प्रत्येक आयोजकासमोर कामाला येते. पदार्पण आणि सदस्यत्व या दोन गोष्टी लोक हमखास एक समजतात. पदार्पण कुणालाही मिळू शकतं. सदस्यत्वाचं आमंत्रण फार थोड्यांना, आणि मग वर्षातून काही वेळा येऊन गायची जबाबदारी. लेनीचं पदार्पण फेब्रुवारी २०२०चं, सदस्यत्व जून २०२४चं. मधल्या काळात सीएमएचा वर्षातल्या सर्वोच्च कलाकाराचा मान (२०२३) आणि ग्रॅमी (२०२४) येऊन गेले.

बुधवार: आकड्यांचे कागद

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या संग्रहालयाला सकाळी लवकर जावं आणि स्टुडिओ बी या जुन्या ध्वनिमुद्रण-खोलीचं तिकीट त्याच्यासोबतच, आधीपासून काढलेलं असावं. स्टुडिओवर थेट जाऊन आत सोडत नाहीत, संग्रहालयाची बसच नेते. १९५७ची ही साधी विटांची खोली. एल्विसने इथे दोनशेहून अधिक गाणी ध्वनिमुद्रित केली. जमिनीवर एक निळी फुली आहे. गायकाने तिथे उभं राहायचं, कारण खोलीचा आवाज तिथे सगळ्यात सरळ येतो.

बघायची खरी गोष्ट म्हणजे स्वरावल्यांचे, म्हणजे कॉर्डांचे कागद. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या सहगायकांच्या संचातल्या नील मॅथ्यूज यांनी सहगायनासाठी आकड्यांची खूण काढली, वादक चार्ली मकॉय यांनी ती स्टुडिओतल्या वादकांत रुजवली. स्वरावलीच्या जागी सप्तकातला क्रमांक लिहायचा. ‘जी’ (G) हा सूर धरला तर १ म्हणजे जी, ४ म्हणजे सी, ५ म्हणजे डी, आणि ६ पुढे आडवी रेघ म्हणजे ई मायनर. एक आकडा म्हणजे एक मात्राचक्र. दोन आकड्यांखाली एक रेघ असेल तर दोघे मिळून एक. आकड्याभोवती शंकरपाळीची चौकट असेल तर एकदा वाजवून स्वर लांबवायचा. गायिकेचा घसा आज बसला असेल आणि जीऐवजी एफ धरायचा ठरला तर कागद बदलायचा नाही, निवेदन एका वाक्यात होतं. सबंध गाणं एका पानावर मावतं. वादक ते एकदा ऐकतात, पेन्सिलीने दोन खुणा करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पक्कं ध्वनिमुद्रण होतं.

सत्रं दहा, दोन आणि सहा वाजता, प्रत्येक तीन तासांचं. दर वादकांच्या युनियनने ठरवलेले, संचाच्या म्होरक्याला दुप्पट. डेमो असेल तर तीन तासांत चार-पाच गाणी होतात. नव्या गायिकेचे पैसे वाया जातात ते सूर चुकीचा निवडल्याने. घरी सोफ्यावर बसून हलक्या आवाजात गाताना खालचे स्वर छान लागतात, म्हणून ती खालचा सूर घेते. ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार सुरू झाल्यावर कडव्यातले तेच स्वर ऐकूच येत नाहीत. आदल्या दिवशी उभं राहून, पूर्ण आवाजात, कडव्याचा सगळ्यात खालचा आणि ध्रुवपदाचा सगळ्यात वरचा स्वर तपासावा. वरचा कष्टाने पण दहा वेळा लागला पाहिजे, कारण तो दौऱ्यावर रोज लावायचा आहे. लयही तशीच मेट्रोनोमवर मोजून न्यावी. बारमध्ये उत्साहात गायलेली लय आठवणीतून सांगितली की गाणं पाच-सहा ठोक्यांनी पळतं आणि शब्द गिळले जातात.

जेवायला ‘मीट अँड थ्री’: एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या. नुसत्या भाज्यांचं ताटही मिळतं. शाकाहारी माणसाने फरसबी आणि हिरव्या पालेभाज्यांबद्दल विचारून घ्यावं, त्या बहुधा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासकट शिजवलेल्या असतात. मॅकरोनी चीज इथे भाजीतच मोजतात.

दुपारी आठव्या अव्हेन्यूवरच्या ग्रून गिटार्सला जावं. १९७० पासूनचं दुकान. चांगल्या ॲकूस्टिक गिटारीची पाठ आणि बगला पाहिल्या तर कितीतरी वाद्यांवर ‘इंडियन रोजवुड’ लिहिलेलं दिसेल. ते आपल्या पश्चिम घाटात आणि दक्षिणेत होणारं शिसवी लाकूड. ब्राझिलियन रोजवुडची जुनी गिटार मात्र घेऊ नये, ती सीमेपार न्यायला परवाने लागतात.

रात्री स्टेशन इन. १९७४ पासूनची ब्लूग्रासची (विजेशिवायच्या तंतुवाद्यांवरच्या जलद कंट्रीची) जागा, आजूबाजूला उंच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तरी बुटकीच. गायक-गीतकार ख्रिस स्टेपलटनचा पहिला संच या वर्तुळातला. तो २००१ साली आला आणि काही दिवसांतच त्याला प्रकाशन करार मिळाला. मग चौदा वर्षं दुसऱ्यांसाठी एक नंबरची गाणी लिहिली. स्वतःचा पहिला अल्बम २०१५चा. इतका मोठा आवाज असलेल्या माणसालाही गाणी पुढे घेऊन गेली.

गुरुवार: नॉक्सव्हिल

गाडी भाड्याने घेऊन सकाळी साडेसातच्या आत निघावं. अंतर २९० किलोमीटर, पण वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं आणि दुपारी बाराचा कार्यक्रम म्हणजे नॉक्सव्हिलचे बारा. हे विसरून दर वर्षी कुणी ना कुणी रिकाम्या खुर्च्यांसमोर पोहोचतं.

गे स्ट्रीटवरच्या पर्यटक माहिती केंद्रातच डब्ल्यूडीव्हीएक्स या रेडिओ केंद्राचा मंच आहे. जेवणाच्या वेळी ‘ब्लू प्लेट स्पेशल’ हा कार्यक्रम तिथून थेट प्रसारित होतो, प्रवेश फुकट. दौऱ्यावरचे नवे गायक रात्रीच्या कार्यक्रमाची जाहिरात म्हणून इथे थांबतात. माइकपासून एक वीत अंतर ठेवून बोलतात, गावाचं नाव घेतात, रात्रीची वेळ दोनदा सांगतात. दोनदा सांगणं हा कसबाचा भाग आहे.

रेकॉर्ड कंपनीचा करार झाल्यावर हेच काम मोठ्या प्रमाणावर करावं लागतं, त्याला रेडिओ टूर म्हणतात. कित्येक महिने गायिका, एक गिटारवाला आणि कंपनीचा माणूस केंद्रामागून केंद्र फिरतात. बैठकीच्या खोलीत सकाळी नऊ वाजता दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात तीन गाणी, मग जेवण, मग पुढचं शहर. कंट्री रेडिओवर गाणं फार हळू चढतं. लेनीचं ते पहिलं गाणं रेडिओकडे गेल्यावर वर्ष उलटून पहिलं आलं. तेवढा काळ केंद्रचालकांनी ते वाजवत राहावं, म्हणून ही पायपीट.

करार नसेल तर व्हॅन. समजा एका रात्रीचे ५०० डॉलर ठरले. चार साथीदारांना शंभर-शंभर दिले, की उरलेल्या शंभरात पेट्रोल आणि दोन खोल्या बसवायच्या, आणि त्या बसत नाहीत. म्हणून सुरुवातीला गायिका एकटी किंवा एका गिटारवाल्यासह फिरते. पूर्ण संच घेऊन घाटा खात फिरणं म्हणजे दौरा लवकर संपवणं.

मुक्कामाला ब्रिस्टल, आणखी १८५ किलोमीटर.

शुक्रवार: ब्रिस्टल

स्टेट स्ट्रीटच्या एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. मधोमध पितळी खुणा बसवल्या आहेत. १९२७ साली २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे राल्फ पीअर यांनी इथल्या टोप्यांच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर यंत्रं मांडून १९ गायक-संचांची ७६ गाणी ध्वनिमुद्रित केली. इमारत पाडली गेली, फलक उरला आहे. त्या ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय २०१४चं, दोन-अडीच तास द्यावेत.

पीअर यांचा करार कागदावर नीट वाचावा. ते व्हिक्टरकडून पगार घेत नव्हते, गाण्यांचे प्रकाशन हक्क त्यांच्याकडे राहायचे. म्हणून त्यांना कुणाकडेही नोंद नसलेली गाणी हवी होती. गायकाला एका गाण्याचे ५० डॉलर आणि पुढे हक्कांतला छोटा वाटा. मेसेस स्प्रिंगहून कार्टर या गाणाऱ्या कुटुंबाची मंडळी मोटारीने आली: ए. पी., त्यांची बायको सारा, आणि सात महिन्यांची गरोदर असलेली भावजय मेबेल. दोन दिवसांत सहा गाणी झाली. ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स या गायकाने दोन म्हटली. त्याचे साथीदार आदल्या रात्री त्याला सोडून गेले होते, म्हणून एकट्याने गिटारवर. नंतर ए. पी. डोंगरांतून गाणी गोळा करत फिरले, सोबत लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक. चाली त्यांच्या लक्षात राहायच्या आणि शब्द ए. पी. उतरवून घ्यायचे. हक्काच्या कागदावर रिडल यांचं नाव लागलं नाही. मंगळवारी ज्या वाट्यांच्या कागदाबद्दल वाचलं, तो खोलीतून उठण्याआधीच का भरायचा ते इथे कळतं.

शनिवार: हिल्टन्स

दिवसा फिरण्यासारखं फारसं नाही. संध्याकाळी सहाला ब्रिस्टलहून निघावं, पाऊण तासात कार्टर फोल्ड हे कार्टर घराण्याचं सभागृह येतं. फोनला रेंज नसते, नकाशा आधी उतरवून ठेवावा. १९७४ पासून दर शनिवारी इथे गाणं होतं, ए. पी. कार्टर यांच्या मुलीने, जॅनेटने सुरू केलेलं. दारू नाही, विजेवर चालणारी वाद्यं नाहीत. सवलत दिली गेली ती मेबेलचा जावई, गायक जॉनी कॅश याला, आणि त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रमही इथलाच, ५ जुलै २००३चा.

मंचासमोरच्या सिमेंटच्या फरशीवर आजीआजोबा टॅप मारलेल्या बुटांनी नाचतात, त्यामुळे लय हलली तर लगेच कळतं. पुढच्या दोन रांगांत बसून गिटारवाल्याच्या उजव्या हाताकडे बघावं. मेबेलच्या पद्धतीत अंगठा खालच्या जाड तारांवर चाल वाजवतो आणि बोटं मधल्या जागेत स्वरावली घासून जातात, म्हणजे एकाच गिटारीत गायिकेला साथही मिळते आणि मधला तुकडाही. ज्या गायिकेला दुसरा वादक परवडत नाही तिने हे आधी शिकावं.

मध्यंतरात गायक मंडळी मागच्या टेबलाशी येऊन स्वतः सीडी आणि टी-शर्ट विकतात. मोठ्या सभागृहांत या विक्रीतले वीस-तीस टक्के जागेचे मालक कापून घेतात, छोट्या जागांत सहसा नाही. त्यामुळे गायिकेच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर अशा ठिकाणी घ्याव्यात. रोख बरोबर ठेवावी, सिग्नल नसला की कार्डाचं यंत्र चालत नाही. टी-शर्टाचे मधले आकार आधी संपतात. परतीला नॅशव्हिल गाठायची गरज नाही: ब्लाउंटव्हिलचा ट्राय-सिटीज विमानतळ जवळ आहे, तिथून शार्लट किंवा अटलांटामार्गे निघता येतं. गिटार घेतली असेल तर विमानात चढताना जागा शिल्लक असल्यास ती आत न्यायला अमेरिकी कंपन्यांना परवानगी द्यावी लागते. म्हणून पहिल्या गटात चढावं आणि तारा एक-दोन स्वर सैल करून ठेवाव्यात.